अंधाऱ्या खोलीसाठी खास झाडं, म्हणे!

माझ्या अभ्यासाच्या खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. भर दुपारी वाचायला दिवा लागतो. हे सगळं मी ऑनलाइन विक्रेत्याला सांगितलं, खोलीचा फोटोही पाठवला. "बिनधास्त घ्या ताई, ही तिन्ही अंधारातलीच," म्हणत त्याने माझ्या गळ्यात मारलं एक क्रोटन, इवल्या कुंडीत खोचलेलं, होया नावाच्या वेलाचं बदामाच्या आकाराचं एक पान, आणि गुलाबी पानांचं 'पिंक काँगो' फिलोडेंड्रॉन. वर 'नासाप्रमाणित हवाशुद्धी' असं स्टिकर.

क्रोटनला भरपूर उजेड लागतो. तीन आठवड्यांत खराटा झाला.

होयाचं पान मात्र हिरवंगार राहिलं. मी रोज कोंब शोधायचे. नंतर कळलं, देठाशी खोडाचा डोळा नसेल तर अशा पानाला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं टिकतं, पण त्याचा वेल कधीच होत नाही. म्हणजे मी झाड नाही, पान विकत घेतलं होतं.

खरी लबाडी गुलाबी पानांत होती. तो रंग त्या झाडाचा नव्हेच. इथिलीन सोडणारं रसायन वापरून पानं गुलाबी करतात, काही महिन्यांनी झाड पुन्हा हिरवं होऊ लागतं. त्या गुलाबी भागात हरितद्रव्य जवळपास नसतं, म्हणजे अन्न तयार होणार कसं? आणि असं झाड अंधाऱ्या खोलीसाठी!

तक्रार केली तर उत्तर आलं, "पाणी जास्त घातलंत." गंमत म्हणजे ते अर्धं खरं होतं. कमी उजेडात झाड पाणी कमी पितं, माती ओली राहते, मुळं कुजतात. त्यामुळे मीच ओशाळले. झाड साठवलेल्या अन्नावर काही आठवडे तग धरतं आणि तोवर परतीची मुदत उलटते. यांचा धंदा त्यावरच चालतो.

नासाचं म्हणाल तर झाडं हवा शुद्ध करतात का, हे पाहणारा त्यांचा १९८९चा प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. २०१९च्या एका आढाव्यात हिशोब मांडला होता: घरातल्या नेहमीच्या वायुवीजनाइतकी हवा शुद्ध करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मग मी बसायचं कुठे?

आता मी आधी मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेड किती पडतो ते, मोजते. आकडा ढोबळच, पण डोळ्यांइतका फसवत नाही. बाहेर उन्हात लाखाच्या आसपास, माझ्या टेबलावर ६०. एवढ्यात झीझी, स्नेक प्लांट किंवा ॲस्पिडिस्ट्राही नुसती तग धरतात, म्हणून झीझी खिडकीला चिकटवून ठेवलाय. आठ महिन्यांत एकच कोंब आला.

परवा दुसऱ्या एका विक्रेत्याकडे तसंच होयाचं पान दिसलं. "देठाजवळचा डोळा दिसेल असा फोटो पाठवता का?" एवढंच विचारलं. त्याने मला ब्लॉक केलं.