तपासली एक, बांधून दिली दुसरी

गेल्या वर्षी गणपती बसायच्या आठ दिवस आधी मी इंदूरच्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून हेलिऑस ४४-२ ही लेन्स साडेसात हजारांना घेतली. न बघता घेतली नव्हती. स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावली, टॉर्च मारून काचा पाहिल्या, चौदा फोटो काढले. तरीही घरी आली ती खराब लेन्स, कारण मी तपासली ती एक होती आणि मला बांधून दिली ती दुसरी. आपल्यातले बरेच जण सध्या या जुन्या मॅन्युअल लेन्स शोधत फिरतायत, म्हणून काय झालं ते सविस्तर सांगते.

मी शाळेत चित्रकला शिकवते. रामबागेत माझी आत्या राहते, वय सत्त्याऐंशी. तिच्या खोलीला रस्त्याकडे एकच खिडकी आहे, लोखंडी गजांची, आणि सकाळी नऊ-साडेनऊला त्या खिडकीतून जो उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो तो मला किती तरी वर्षं कागदावर पकडायचा होता. पेन्सिलने जमला नाही म्हणून कॅमेरा घेतला. कॅननचा जुना, छोट्या सेन्सरचा डीएसएलआर. सोबत आलेली १८-५५ची लेन्स ५५वर नेली की एफ/५.६च्या पुढे उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. एफ/२ची लेन्स त्याच जागी आठपट उजेड आत घेते. आत्याच्या खोलीत हा फरक म्हणजे फोटो येणं आणि न येणं एवढा आहे.

८५ मिमी एफ/१.८ची नवी ऑटोफोकस लेन्स माझ्या आवाक्याबाहेर होती, आणि शिवाय माझ्या छोट्या सेन्सरवर चौकट आणखी अरुंद होते, ८५ म्हणजे जवळजवळ १३६ झालं असतं. आत्याची खोली दहा बाय दहा. मला मागे सरकत सरकत जिन्यात जावं लागलं असतं. मैत्रिणीची ५० एफ/१.८ आठवडाभर वापरून पाहिली. लेन्स चांगलीच आहे, पण फोकसची रिंग बोटभरही रुंद नाही आणि जराशी फिरवली की फोकस नाकावरून कानावर जातो. मला हाताने, सावकाश फोकस करायचा होता. आत्या काही हलत नाही, घाई कुणालाच नव्हती. म्हणून हेलिऑसवर आले. ५८ मिमी, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर साधारण ९३. उघडते एफ/२पर्यंत, आणि अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जाता येतं. जर्मनीतल्या येना शहरातल्या त्साइसच्या बायोटारवरून रशियनांनी ही बनवली, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती लाखांनी निघाली, म्हणून आजही परवडते. फोकसची रिंग लांब फिरते. एक मीटरवरून एफ/२ला जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, त्यामुळे ते लांब फिरणं फार उपयोगी पडतं. पुढची पापणी धरायची की मागची, हे ठरवता येतं.

कॅननवाल्यांना आणखी एक सोय आहे. एम४२ म्हणजे ४२ मिमी आट्यांच्या लेन्सला, हेलिऑस त्यातलीच, मागे सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं आणि कॅननच्या डीएसएलआरमध्ये ते ४४ आहे, म्हणून दीड मिलिमीटरची एक साधी कडी लावली की दूरचाही फोकस मिळतो. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये हेच अंतर ४६.५ आहे. तिथे साध्या कडीने दूरचं कधीच स्पष्ट येणार नाही, आणि काच बसवलेल्या कडीने चित्र बिघडतं. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाहीत. मिररलेसवाल्यांना, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना, ही अडचण नाही, फक्त कडी जाड लागते.

दुकान दाखवलं एका ओळखीच्याने. मालक बोलायला अतिशय गोड. मी चित्रकला शिकवते म्हटल्यावर म्हणाला, "मॅडम, इंदौर तो लाला दीनदयाल का शहर है, यहाँ फोटोग्राफी की कदर है." मला ते मनापासून आवडलं. इथल्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता दीनदयाळांनी कॅमेरा हातात घेतला, हे मी दर वर्षी मुलांना सांगते. त्या एका वाक्यानंतर मी त्याच्याकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहायचं थांबवलं, हे आज स्पष्ट दिसतं.

त्याने काउंटरवर वर्तमानपत्र पसरून लेन्स ठेवली. मी मैत्रिणीला पाठवायला मोबाइलवर तिचा एक फोटो काढला. मग मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेकडून मारून पुढून तिरकं पाहिलं: धुळीचे चार कण, बाकी स्वच्छ. लेन्सचं तोंड लहान-मोठं करणारी आठही पाती कोरडी. कडी लावून कॅमेऱ्यावर चढवली, चहा घेऊन आलेल्या मुलाला दारात उभं केलं, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, दहापट मोठं करून त्याच्या पापणीवर फोकस केला. पापणीचे केस मोजता येत होते. मागच्या पिंपळाची पानं गोल फिरल्यासारखी दिसत होती, हेलिऑसची ती खूण आहे. फोकसची रिंग एका बोटाने फिरत होती.

नऊ हजार सांगितले, कडीसकट साडेसातवर तुटलं. "बिल बनाऊँगा तो आठ पड़ेगा," म्हणाला. मी बिल नको म्हटलं. पैसे मोबाइलवरून दिले.

मग तो म्हणाला, "लाओ मॅडम, कपड़ा मार के, पीछे का ढक्कन लगाके पैक कर देता हूँ." मी लेन्स काढून त्याच्या हातात दिली. तो पडद्यामागे गेला. तीन-चार मिनिटं लागली असतील. बाहेर आला तेव्हा हातात बबलच्या कागदात गुंडाळलेलं, तपकिरी टेपने चारही बाजूंनी चिकटवलेलं पुडकं होतं. मी ते पर्समध्ये टाकलं आणि घरी आले.

घरी उघडल्यावर पहिली गोष्ट हाताला जाणवली. रिंग फिरवायला दोन बोटं लावावी लागली. पावसाळ्याचे दिवस, दमट हवा, त्यामुळे असेल असं वाटलं. रात्री ट्यूबलाइटखाली दोन-तीन फोटो काढले, जरा मऊ आले. हेलिऑसबद्दल सगळीकडे वाचलेलं असतं की ती स्वप्नाळू आहे, जुन्या काचेचा गोडवा आहे. मला वाटलं, हाच तो गोडवा.

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी आत्या तयार होऊन खिडकीशी बसली. जांभळी नऊवारी, आईची नथ. तासभर बसली. मी "आत्या, जरा इकडे" म्हटलं की इकडे, "हात मांडीवर" म्हटलं की मांडीवर. साठ फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर ठीक वाटत होते.

रात्री लॅपटॉपवर उघडले आणि पोटात खड्डा पडला. खिडकीचे गज, जे काळेकुट्ट आहेत, ते करडे आले होते. सगळ्या चेहऱ्यावर ताक सांडल्यासारखा पांढुरका थर. पांढऱ्या केसांची कड उजेडात विरघळून गेलेली. नथीचे मोती आणि गाल यांच्यात फरकच उरला नव्हता. फोकस बरोबर होता, पापणी जागेवर होती, पण चित्रात काळं असं काही नव्हतंच.

पहिले दोन दिवस मी स्वतःलाच दोष दिला. उजेडाकडे तोंड करून कशाला काढले, हूड का नाही लावलं. मग मेमरी कार्डवर दुकानातले ते चौदा फोटो दिसले. तिथेही मुलगा दारात, पाठीमागे उघडं आकाश, तेच एफ/२. आणि तिथे त्याच्या शर्टाची काळी बटणं काळी होती. एकाच लेन्सने दोन्ही होणं शक्य नाही.

पण सिद्ध कसं करायचं? मॅन्युअल लेन्सबद्दल कॅमेरा फाइलमध्ये काहीच लिहीत नाही, आणि चिपवाली कडी असली तरी चिपमध्ये भरलेला ठरावीक आकडाच उमटतो. फोटोवरून लेन्सचा नग ओळखता येत नाही. तेव्हा मैत्रिणीला पाठवलेला तो काउंटरवरचा फोटो आठवला. मोठा करून पाहिला. पुढच्या रिंगवर नाव, ५८ मिमी, आणि त्याशेजारी नंबर. बहुतेक हेलिऑसवर या नंबरचे पहिले दोन आकडे बनवल्याचं साल असतात. फोटोतला नंबर ७९ने सुरू होत होता. रिंगच्या कडेला नखाएवढा एक ओरखडाही दिसत होता. माझ्या हातातल्या लेन्सचा नंबर ८६ने सुरू होत होता, आणि रिंगवर ओरखडा नव्हता.

टॉर्च लावला. मागच्या काचगटात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, आणि त्याच्यावर धुक्याचा पातळ पापुद्रा. उघड्या डोळ्यांना, ट्यूबलाइटमध्ये, यातलं काहीही दिसत नाही. टॉर्च आणि अंधार दोन्ही असतील तरच दिसतं.

दुकानात गेले तोवर वीस दिवस होऊन गेले होते. मालक तसाच गोड. "मॅडम, आपके घर में सीलन होगी, फंगस तो आ ही जाता है." मी फोटो दाखवला, नंबर दाखवले. त्याने फोटोकडे नीट पाहिलंही नाही. "यह कौन सी दुकान का फोटो है, क्या पता." वर्तमानपत्र त्याचं, काउंटर त्याचा, पण त्या चौकटीत दुकान ओळखू येईल असं काही नव्हतं. बदल्यात एक जुना फ्लॅश घेऊन जा म्हणाला. मी नाही घेतला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, तिथे विचारपूस नीट झाली, पण लगेच विचारलं ते बिलाबद्दल. पाचशे रुपये वाचवायला मी जे सोडलं होतं तेच नेमकं लागत होतं.

एका जुन्या मेकॅनिककाकांकडे लेन्स उघडून घेतली. त्यांनी भिंगातून दाखवलं: बुरशीने काचेवरचा लेप खाल्लाय, पुसली तरी त्या रेषा राहणार. "वीस दिवसांत हे होत नाही, बाई," ते म्हणाले, "ही दोन-चार पावसाळे कुठेतरी डब्यात पडून होती." त्यांच्याकडूनच कळलं की अशी बदलाबदल हेलिऑससारख्या लेन्समध्येच सोपी जाते, कारण त्या लाखांनी निघाल्या आणि सगळ्या सारख्याच दिसतात. एक स्वच्छ नग दाखवायला ठेवायचा आणि बाकीचे विकायचे. ते दाखवायच्या नगाला आमिषाचा मासा म्हणतात.

तेव्हापासून जो कुणी विचारतो त्याला मी एवढंच सांगते. जुन्या लेन्समध्ये तुम्ही हेलिऑस विकत घेत नसता, समोरचा तो एक नग विकत घेत असता. पुढच्या रिंगवरचा नंबर वहीत लिहा, दुकानाची पाटी आणि लेन्स एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा, बिलावर तो नंबर घालून घ्या. आणि तपासून झाल्यावर ती लेन्स कॅमेऱ्यावरून काढूच नका. ढक्कन नको, कपडा नको, पॅकिंग नको. कॅमेरा गळ्यात अडकवून तसेच पायऱ्या उतरा.

आत्या दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला गेली. खोलीला कुलूप आहे. ते साठ फोटो मी पुसलेले नाहीत, संगणकावर काळं वाढवून पाहिलं, चेहरा पिठूळ होतो. ८६ने सुरू होणारी ती लेन्स मेकॅनिककाका दोन हजारांना घ्यायला तयार होते, पण ती पुन्हा कुणाच्या तरी पुडक्यात जाईल म्हणून दिली नाही.

हे सगळं लिहायचं ठरवलं ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो आता कॉलेजात आहे, लग्नाचे फोटो काढायला शिकतोय. जानेवारीत दुपारी त्याचा मेसेज आला: बाई, हेलिऑस मिळतेय, घेऊ का? सोबत फोटो. काउंटरवर पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर लेन्स. मी मोठा करून पाहिला. नंबर ७९ने सुरू होणारा, आणि रिंगच्या कडेला नखाएवढा ओरखडा.

मी त्याला लगेच फोन केला. म्हटलं, चांगली आहे, जरूर घे, पण कॅमेऱ्यावर चढवलीस की खाली काढू नकोस, आणि पैसे देताना सांग की अशीच घेऊन जाणार. फोन चालूच ठेव म्हटलं. त्याने भाव ठरवला, मग तसं सांगितलं. पलीकडून आधी पॅकिंगचं ऐकू आलं, मग कपडा मारण्याचं, मग ढक्कनाचं. मुलगा प्रत्येक वेळी "नहीं भिया, ऐसे ही ठीक है" म्हणत राहिला.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मालकाचा आवाज आला, "रहने दो. यह पीस बेचने का नहीं है."