ग्रॅम्प्सवर मराठी घराण्याची वंशावळ: काही महिने वापरल्यानंतर

ग्रॅम्प्स हा वंशावळीचा प्रोग्राम फुकट आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि सगळी माहिती आपल्याच संगणकावर ठेवतं. हयात नातेवाइकांच्या जन्मतारखा परक्या वेबसाइटवर चढवायच्या नसतील तर तेवढं कारण पुरे. पण नावांची रचना आधी लावून घ्या आणि मगच माणसं भरायला बसा. शेकडो नोंदी झाल्यावर ती बदलायची म्हणजे एकेक माणूस उघडून बसावं लागतं.

वडिलांचं नाव 'गिव्हन'च्या (पहिल्या नावाच्या) चौकटीत कोंबू नका. मल्टिपल सरनेम्स उघडून दुसरी ओळ जोडा, तिचं ओरिजिन 'पॅट्रोनिमिक' (वडिलांवरून आलेलं नाव) ठेवा आणि 'प्रायमरी'ची खूण आडनावावर राहू द्या. मग प्रेफरन्सेसमध्ये नावाचा नवा फॉरमॅट करा: गिव्हन, पॅट्रोनिमिक, प्रायमरी. शेवटी नुसतं 'सरनेम' लिहिलंत तर वडिलांचं नाव दोनदा उमटतं, कारण त्या शब्दात आडनावाच्या सगळ्या ओळी येतात.

बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव मुख्य ठेवा. सासरचं नाव 'नेम्स' टॅबमध्ये 'मॅरीड नेम' म्हणून जोडा. तिथे पहिलं नावही वेगळं लिहिता येतं, त्यामुळे लग्नात बदललेलं नाव सुटत नाही. जुन्या कुलवृत्तांतांत बऱ्याचदा 'अमुक यांची कन्या' एवढंच असतं. तिथे पहिलं नाव रिकामं सोडा, अंदाजाने भरू नका.

दत्तक प्रकरण मात्र सुरेख जमतं. मूल दोन्ही कुटुंबांत जोडायचं, जन्मदात्यांकडे नातं 'बर्थ', दत्तक घरात 'अडॉप्टेड'. मूळ घरातून त्याला काढून टाकलंत तर सख्खी भावंडं तुटतात.

खरी डोकेदुखी तारखांची. हिब्रू, इस्लामी, फ्रेंच क्रांतीची, अशी कॅलेंडरं आत आहेत, शालिवाहन शक नाही. शकात ७८ मिळवून इसवी सन काढायचं. मार्गशीर्ष-पौषातल्या १ जानेवारीपासूनच्या तिथी, माघ आणि फाल्गुन यांना ७९. म्हणजे शके १८२० चा फाल्गुन १८९९ मध्ये पडतो. महिना माहीत नसेल तर १८९८ ते १८९९ अशी 'रेंज' द्या. 'स्पॅन' नको, त्याचा अर्थ घटना तेवढा काळ चालू होती असा होतो. मूळ तिथी डिस्क्रिप्शनमध्ये जशीच्या तशी टंका, पुढे कोणाला तरी पडताळायची असते. मोडी कागदांवर फसली आणि सुहूर या जुन्या कालगणनाही भेटतात: फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन येतो.

गावांसाठी 'एन्क्लोज्ड बाय' टॅबला तारखा देता येतात आणि हा भाग कौतुकास्पद आहे. मालवण १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात, नंतर सिंधुदुर्गात, असं एकदा भरलं की १९३५ चा जन्म रत्नागिरीत दिसतो आणि १९९० चा सिंधुदुर्गात. मालवणची दोन गावं करायची गरज नाही.

मामेबहिणीशी लग्न झालं असेल तर तक्त्यात तेच आजी-आजोबा दोनदा दिसतात. ती चूक नव्हे. एकाच माणसाची दुसरी नोंद तेवढी करू नका. रिलेशनशिप कॅल्क्युलेटर इंग्रजीत चालवला तर चुलत, मावस, मामे, आते सगळ्यांना 'फर्स्ट कझिन' म्हणून मोकळा होतो. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नको.

ग्राफविझवर (आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रामवर) चालणाऱ्या तक्त्यांत नावांऐवजी चौकोन आले तर फाँटमध्ये देवनागरी नाही, रिपोर्टच्या पर्यायांत तो बदला. जात पडताळणीला लागणारी वंशावळ वेगळी, ती शपथपत्रावर द्यावी लागते. इथला तक्ता तिचा कच्चा खर्डा म्हणून चालेल.

बॅकअप घेताना मीडियाची खूण तपासा: जीपीकेजी फाइलमध्ये फोटो येतात, साध्या ग्रॅम्प्स फाइलमध्ये येत नाहीत. फोटोंचा फोल्डर हलवलात तर दुवे तुटतात; टूल्समधल्या मीडिया मॅनेजरने पत्ते एकगठ्ठा बदलता येतात. मोठी नवी आवृत्ती घालण्यापूर्वी बॅकअप हवाच. नव्या आवृत्तीत ट्री उघडून अपग्रेड झालं की जुनीत ते उघडत नाही.