महागड्या गाडीची धडक-दुरुस्ती: कंपनीचं वर्कशॉप की विमा कंपनीच्या यादीतलं गॅरेज?

बंपर दिसायला नुसतं प्लास्टिक. पण महागड्या गाडीत बऱ्याचदा त्याच्यामागे आजूबाजूच्या गाड्या ओळखणारं रडार बसवलेलं असतं. बंपरवर रंगाचा थर जाड बसला तरी ते रडार चुकू शकतं. म्हणून बंपर बदलल्यावर या सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो पुन्हा अचूक जुळवून घेणं, टाळून चालत नाही. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये त्याची साधनं असतात. ॲल्युमिनियम बॉडीसाठी हत्यारंही वेगळी ठेवतात, कारण पोलादाचे कण त्यावर बसले की धातू खराब होऊ लागतो. अडचण बिलाची. मजुरीचा दर चढा असतो आणि विमा कंपनीने मंजूर केलेल्या रकमेच्या वरचा भार आपल्यावर येऊ शकतो.

यादीतल्या गॅरेजमध्ये बिल बहुधा विमा कंपनीकडून परस्पर भागतं; आपण आपला वाटा भरायचा. मात्र पॉलिसीत मुभा असेल तर दुसऱ्या बनावटीचे सुटे भाग बसू शकतात.

नुसता ओरखडा किंवा पोचा असेल तर मी यादीतलं गॅरेज निवडेन. सेन्सर किंवा सांगाडा दुखावला असेल तर अधिकृत वर्कशॉपच, पण दरातला फरक कोण भरणार हे आधी लेखी घेऊन. गाडी उघडल्यावर आतलं आणखी नुकसान निघालं, तर सर्व्हेअरला, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याला, दाखवल्याशिवाय एकही भाग बदलू देऊ नका.