रक्ताच्या एका थेंबाचे २,६०० डॉलर

लिलावात हात वर केला तेव्हा त्याच हातात बिअर होती, हे आधीच सांगून टाकतो. फेब्रुवारी २०२३, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओतल्या एका शिकारी मंडळाचं निधी जमवायचं जेवण. ब्रिस्केट झालं, रॅफल झाली, मग पडद्यावर कुडूचा, म्हणजे आफ्रिकेतल्या एका मोठ्या हरणाचा, फोटो आला. पिळदार शिंगं, अंगावर खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे. ‘दक्षिण आफ्रिका, लिम्पोपो. ५ दिवस, २ शिकारी, प्रत्येकी १ इम्पाला, राहणं-खाणं धरून. आउटफिटरकडून देणगी.’ आउटफिटर म्हणजे शिकारीची सहल चालवणारा. २,१०० डॉलरला ती माझ्या गळ्यात पडली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “धर्माची गाय अन् दात का नाय, असं विचारू नये बाबा.” मी खरंच विचारलं नाही.

“सिंह मारायला चाललास?” असं कोल्हापूरच्या प्रत्येक नातेवाइकाने विचारलं, म्हणून थोडं सांगतो. तिकडे जाणारे बहुतेक शिकारी सिंहाच्या वाटेला जात नाहीत. कुडू, इम्पाला, गेम्सबॉक, वाइल्डबीस्ट ही हरणासारखी जनावरं आणि वॉर्टहॉग हे रानडुक्कर, याला ‘प्लेन्स गेम’ म्हणतात. केनियात शिकार १९७७ पासून बंद आहे. बोट्सवानाने २०१४ साली बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. दक्षिण आफ्रिकेत मात्र हा बराचसा खासगी जमिनीवरचा धंदा आहे. १९९१च्या कायद्याने नीट कुंपण घातलेल्या रानातलं जनावर जमीनमालकाचं ठरतं, त्यामुळे हॉटेलच्या मेन्यूसारखं प्रत्येकाच्या नावापुढे भाव लिहिलेला असतो. जनावर पडलं की ती ‘ट्रॉफी फी’, आणि राहण्याचा, गाइडचा, गाडीचा रोजचा आकार तो ‘डेली रेट’. शिकारीचाच ज्यांना राग येतो त्यांच्याशी इथे वाद घालत नाही. आमचे आजोबा दाजीपूरच्या रानात महाराजांच्या शिकारीला हाक्याला जायचे. त्याच कोल्हापुरात चित्त्यांकडून हरणं धरवायचे, आणि देशी चित्ते संपत आले तसे ते आफ्रिकेतून आणवले. आफ्रिकेशी आमचा व्यवहार जुना आहे, फक्त तेव्हा गिऱ्हाईक महाराज होते.

देणगीची शिकार म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. आउटफिटर दान करतो ते रिकामे दिवस. तुम्ही तिथे पोचलात की बाकीची जनावरं मारणारच, आणि त्याची कमाई तिथे असते. यात वावगं काही नाही. चांगले आउटफिटरही असंच करतात आणि यादी आधी हातात देतात. माझ्या बाबतीत यादी हप्त्याहप्त्याने आली. पैसे भरून दोन आठवडे झाल्यावर ईमेल आला की ५ दिवस अपुरे पडतात, किमान ८ लागतील, वरचे ३ दिवस प्रत्येकी ३७५ डॉलर. मग दुसरा. दुसरा शिकारी म्हणून मी मेव्हण्याला नेत होतो, पण तो बंदूक धरत नाही. देणगी शिकाऱ्यासाठी आहे, नुसत्या बघ्यासाठी नाही, म्हणून बघ्याचे रोजचे १५० डॉलर, आठही दिवस. विमानतळावरून ने-आण ४०० डॉलर. तोवर आमची तिकिटं काढून झाली होती. ईमेल नेमके तिकिटांनंतरच कसे आले, याचा विचार मी बिलाच्या दिवशी केला.

सरकारी काउंटरवर मात्र मी कुठेच फसलो नाही. रायफल माझी स्वतःची, थर्टी-ऑट-सिक्स. निघण्यापूर्वी अमेरिकन कस्टम्सकडून ४४५७ नंबरचा फॉर्म करून घ्यायचा, म्हणजे परतताना रायफल तुमचीच हे सिद्ध होतं. जोहान्सबर्गला तिथल्या पोलिसांचा एसएपीएस ५२० फॉर्म, काळ्या शाईने भरून न्यायचा, सही मात्र तिथल्या पोलिसासमोर. काडतुसं चेक-इन बॅगेत, ५ किलोपर्यंत. अटलांटाहून पंधरा-सोळा तासांचं विमान आणि पुढे एन-वन महामार्गाने उत्तरेला, मोदिमोलेला वळून व्हालवॉटरच्या बाजूला साडेतीन तास. कॅम्पवर पोचलो तेव्हा रात्र झाली होती. शेकोटी, हातात गरम सूप, आणि टेबलावर चार पानांचा करार. “फक्त औपचारिकता,” आउटफिटर म्हणाला. मी चारही पानांवर सही केली. वाचलं पहिलं पान.

दुसऱ्या सकाळपासून आउटफिटर दिसलाच नाही. फोटोंत सगळीकडे तोच होता. प्रत्यक्षात आमच्या वाट्याला बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा आला. तिथे परदेशी शिकाऱ्याबरोबर परवानाधारक प्रोफेशनल हंटर असावाच लागतो, त्याला सगळे ‘पीएच’ म्हणतात. पोराला परवाना विचारला तर म्हणाला, ऑफिसात आहे. ऑफिस कुठे, तर शंभर किलोमीटरवर. हे हसण्यावारी नेऊ नका. बाहेरच्या देशात बेकायदा मारलेलं जनावर अमेरिकेत आणलं, तर लेसी कायद्याखाली इथे तुमच्यावर खटला होऊ शकतो. पीएच तिकडेच राहतो, ट्रॉफी तुमच्या नावाने येते.

माग काढणारे मात्र अस्सल होते. साठीच्या आसपासचे, सेपेडी बोलणारे, इंग्रजी पाच-सात शब्दांचं. मी मनातल्या मनात त्यांना तात्या म्हणत होतो. कोरड्या वाळूत ते हातातली काडी एखाद्या खुराच्या ठशाशेजारी टेकवायचे आणि नुसत्या मानेने दिशा दाखवायचे.

पहिला इम्पाला दुसऱ्याच दिवशी मिळाला, छान नर. रात्री कळलं की देणगीतला इम्पाला म्हणजे मादी, कळप कमी करायला मारतात ती. शिंगवाला नर यादीवर ४२५ डॉलर. मेव्हण्याने कांदा-लसूण मसाला बरोबर आणला होता. त्याने स्वयंपाकघरात शिरून इम्पालाचा तांबडा रस्सा केला आणि तिथल्या बाईंनी केलेल्या पापबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, आम्ही तो ओरपला. ४२५ डॉलरचा रस्सा. तरी त्या आठ दिवसांतली ती एक रात्र मी कुणाला परत द्यायला तयार नाही.

तिसऱ्या दिवशी गेम्सबॉक. उघड्यावर, ऐंशी-नव्वद मीटरवर उभा. आमची बक्की, म्हणजे पिकअप, आली तरी त्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. नंतर सोलायच्या शेडमध्ये डोकं जवळून पाहिलं. उजव्या कानात भोक, शर्टाच्या बटणाएवढं, कडा अजून लालसर. “गोचीड,” पोरगा म्हणाला. गोचीड इतकं गोल भोक पाडत असेल तर तिला लेथवर कामाला लावायला हवी. जनावरांचे तिथे रीतसर लिलाव होतात आणि कानात बिल्ला मारलेला असतो. लिलावात घ्यायचं, ट्रकमधून आणून सोडायचं आणि चार दिवसांत पाहुण्याच्या पुढ्यात उभं करायचं, याला तिकडचे शिकारीच तुच्छतेने ‘पुट अँड टेक’ म्हणतात. त्याचे माझे १,३५० डॉलर गेले. मला शिकार केल्यासारखंही वाटलं नाही. म्हशीच्या गोठ्यात जाऊन आल्यासारखं वाटलं.

मुख्य गोष्ट चौथ्या दिवसाची.

दुपारी साडेतीनला, काटेरी झुडपांच्या पल्याड, कुडूचा नर. १४० मीटर. डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं, म्हणजे हजारांत ओळखता येईल असा. पोराने शूटिंग स्टिक्स उभ्या केल्या, काठ्यांचं तिकाटणंच ते. मी खांद्यावरच, खालच्या तिसऱ्या हिश्शात नेम धरला, कारण या जनावरांचं काळीज आपण समजतो त्यापेक्षा पुढे आणि खाली असतं. चाप ओढला. कुडूने उडी घेतली आणि तो गेला.

मला लगेच वाटलं, लागलं नाही. जागेवर जाऊन पाहिलं तर छातीच्या उंचीवर एक डहाळी तुटलेली, आतलं लाकूड पांढरं, ओलं. गोळी तिथेच वळली असणार. चूक माझी, झुडपातून मारायला नको होतं. दहा मिनिटांनी पोरगा लांबून ओरडला, “ब्लड!” एक गवताचं पातं त्याच्या हातात. त्यावर थेंब, मसुराच्या डाळीएवढा.

टेक्सासात रानडुकरांच्या मागे मी बारा वर्षं फिरतोय. फुप्फुसाला लागलं तर रक्त गुलाबी आणि फेसाळ येतं. यकृताला लागलं तर गडद. नुसत्या मांसाला लागलं तर आधी भरपूर आणि मग बंद. इथे एकच थेंब, आणि बोट लावलं तर बोटाला काही लागलं नाही. दहा मिनिटांत इतकं सुकावं असं जुलैचं ऊन तिथे नसतं. त्या दिवशी सकाळी वॉर्टहॉग सोलताना पोराचे बाह्यांपर्यंत हात माखले होते, हे मला आठवलं. मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यामुळे पुढचं बोलत नाही. तात्या उकिडवे बसले, ठशाशेजारी काडी टेकवली, पात्याकडे बघितलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे. दीड तास माग काढला. दुसरा थेंब नाही, लंगडल्याचा एक ठसा नाही. जखमी जनावर शोधायला असल्या कॅम्पवर छोटे टेरियर कुत्रे असतात. आमच्या कॅम्पवरही होता, शेकोटीजवळ लोळत. मी म्हटलं, त्याला आणा. पोरगा म्हणाला, त्याचा पाय दुखतोय. संध्याकाळी तोच कुत्रा मेव्हण्याच्या हातातल्या हाडासाठी दोन पायांवर नाचला.

सातव्या संध्याकाळी पाणवठ्यावर लपून बसलो होतो. कुडू आला. डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. शांतपणे पाणी प्याला आणि चारही पायांवर व्यवस्थित चालत निघून गेला. मेव्हण्याने फोनवर २६ सेकंद चित्रण केलं. मी पोराकडे बघितलं. तो कुजबुजला, “हा दुसरा. मारायचाय? २,६००.”

शेवटच्या सकाळी आउटफिटर उगवला, बिल घेऊन. दिवसांचे १,१२५, बघ्याचे १,२००, गाडीचे ४००, त्यावर १५ टक्के व्हॅट, इम्पाला, गेम्सबॉक आणि ‘कुडू, जखमी: २,६००’. एकूण ७,५०९ डॉलर. वॉर्टहॉग मेव्हण्याच्या वाटणीच्या इम्पालाऐवजी दिला होता, तेवढा एक उपकार. मी व्हिडिओ दाखवला. त्याने करार उघडला, तिसरं पान, नववं कलम: रक्त दिसलं की जनावर मारलं असं धरलं जाईल, आणि रक्त दिसलं की नाही हे पीएच ठरवेल. खाली माझी सही. जखमी जनावराचे पूर्ण पैसे, हा नियम सगळीकडेच आहे आणि तो योग्यच आहे, नाहीतर लोक बेफिकीर गोळ्या झाडतील. पण ठरवणारा कोण, ही मेख तिथे मारलेली होती. कार्डाचं मशीन ‘बंद’ होतं. रायफल त्याच्या तिजोरीत, विमान रात्रीचं. बँकेतून पैसे वायर केल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तेव्हा तिजोरी उघडली.

संपलं असं वाटलं होतं. पाच महिन्यांनी ‘डिप अँड पॅक’चं बिल आलं, म्हणजे कातडी-शिंगं औषधात बुडवून खोक्यात भरण्याचं, ९४० डॉलर. मग विमानभाडं आणि कस्टम्सच्या दलालाचे १,८७०. वॉर्टहॉगची कवटी अमेरिकेत सरळ घरी येत नाही, डुकरांच्या रोगांमुळे आधी सरकारमान्य टॅक्सिडर्मिस्टकडे, म्हणजे मेलेली जनावरं भरून टिकवणाऱ्याकडे, जावी लागते, त्याचे वेगळे. मारण्याच्या खर्चाची चौकशी सगळे करतात, आणण्याच्या खर्चाची कुणी करत नाही. मीही केली नव्हती.

लिलाव करणाऱ्या मंडळाने सांगितलं, आम्ही फक्त देणगी स्वीकारतो. प्रांताच्या पर्यावरण खात्याला व्हिडिओसकट तक्रार पाठवली, पोच आली. पैसे आले नाहीत.

आपल्यातले बरेच जण आता इथे शूटिंग रेंजवर दिसतात आणि दरवर्षी कुणीतरी मला विचारतं, तू जाऊन आलायस ना, कसं काय असतं? जा, रान अप्रतिम आहे. पण तिकीट काढण्याआधी करार मागवा आणि घरी, दिवसाउजेडी वाचा. तुमच्याबरोबर नेमका कोण चालणार त्याचं नाव आणि परवाना क्रमांक त्यात लिहून घ्या. जखमेच्या कलमात ‘शिकारी आणि माग काढणारा दोघांनाही मान्य झालं तर’ एवढं वाक्य घालायला सांगा. सरळ माणूस घालतो. मला पुढच्या वर्षी नामिबियात एकाने हसत हसत घालून दिलं. आधीच्या गिऱ्हाइकांचे नंबर मागताना जनावर न मिळता परत आलेल्यांचे मागा. भिंतीवर शिंगं लावून बसलेला माणूस तक्रार करत नाही. आणि रायफल तिजोरीत ठेवायची असेल तर किल्ली कुणाकडे, ते पहिल्या रात्रीच विचारा.

जून २०२४ मध्ये त्या आउटफिटरच्या पानावर नवा फोटो आला. बर्फाळ मुलखातला कुणी गृहस्थ, गुडघ्यावर बसलेला, तोंडभर हसू, आणि पुढ्यात कुडू. डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. मी त्याला मेव्हण्याचे ते २६ सेकंद पाठवले आणि खाली सगळी हकिकत लिहिली. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता: “माझ्याकडून त्याने ३,१०० घेतले. तुमच्याकडून किती?”