नवीन टॅटूवर काय लावायचं: जेली, लोशन, फिल्म की घरचं काही?

माझी मामेबहीण इथेच इंदूरला, राजेंद्र नगरला राहते. आमच्या आजीच्या हातावर तुळशी वृंदावनाचं गोंदण होतं, ते तिला तसंच्या तसं स्वतःच्या हातावर हवंय, मनगटाच्या थोडं वर. डिझाइन ठरलं, तारीख ठरायचीये, आणि आता तिचा एकच प्रश्न चाललाय की ताई नंतर लावू काय? टॅटूवाला एक सांगतो, मेडिकलवाला दुसरं, मोबाइलवर तिसरंच, आणि मामी म्हणते हळद लाव. माझे तीन टॅटू झालेत, तिन्ही वेगवेगळ्या मोसमात, तिन्हींवर वेगळं लावलं, त्यामुळे एकाच कातडीवर काय कसं वागतं ते मी पाहिलंय. तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. शाई बसते आतल्या थरात, वरचा थर फक्त जखम असते, म्हणजे रस्त्यावर खरचटतं ना तसंच, फक्त सुईने केलेलं. त्या वरच्या थराला भरायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात, आतलं पूर्ण शांत व्हायला त्याहून जास्त. आपण वरून जे लावतो त्याने शाई पक्की होत नाही, तो थर कोरडा पडून तडकू नये आणि ओला राहून सडू नये एवढंच त्याचं काम. मला वाटतं कोणता ब्रँड यापेक्षा किती लावलं आणि कोणत्या मोसमात लावलं याने जास्त फरक पडतो, आणि इंदूरमध्ये तर फारच पडतो.

पहिला टॅटू मी मे महिन्यात काढला, दंडावर. ज्याच्याकडे काढला त्याने सांगितलं पेट्रोलियम जेली लावा भरपूर आणि वरून स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळून दोन दिवस ठेवा. मी ठेवलं. बाहेर ४० च्या वर पारा, त्यात सुदामा नगर ते विजय नगर रोज स्कूटी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लास्टिक काढलं तर खालची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी, आणि कडेने बारीक बारीक घामोळ्यासारखे पुळे. नंतर जाड खपली धरली, ती ओढणीत अडकून निघाली आणि तिच्याबरोबर शाईपण गेली. आजही त्या फुलाच्या एका पाकळीची रेघ मध्येच तुटलेली आहे.

म्हणून जेली वाईटच असं नाही म्हणणार. साध्या कापलं-खरचटलंवर त्वचेचे डॉक्टर स्वतः पेट्रोलियम जेली सांगतात, स्वस्त आहे, वास नाही, ॲलर्जी सहसा होत नाही. पण ती पाणी आत अडवते, जवळपास सगळंच, आणि टॅटूची जखम पहिले २-३ दिवस स्वतःच पाझरत असते, त्यात वरून घाम. टॅटूच्या बाबतीत अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा पाण्याच्या बेसचं लोशन वापरा आणि पेट्रोलियमवालं टाळा, शाई फिकी पडू शकते, असंच सांगते. ॲक्वाफोर म्हणून जे मलम बाहेरून मागवतात लोक, त्यातही ४१ टक्के पेट्रोलियम जेलीच असते, बाकी ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, लॅनोलिन वगैरे. साध्या जेलीपेक्षा पसरतं चांगलं, हलकं लागतं, डिसेंबर-जानेवारीत इथल्या कोरड्या थंडीत पहिले दोन-तीन दिवस अगदी पातळ थर चालेल. एप्रिल ते जून मी तरी नाही लावणार.

दुसरा टॅटू पोटरीवर, पावसाळ्यात, आणि त्यावर फिल्म लावली, ज्याला सगळे सेकंड स्किन म्हणतात. दवाखान्यात सलाइनच्या सुईवर पारदर्शक पट्टी चिकटवतात ना, टेगाडर्म वगैरे, तीच जात. पॉलियुरेथेनचा पातळ पडदा, आतली वाफ बाहेर जाऊ देतो पण बाहेरचं पाणी आणि धूळ आत येऊ देत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकमध्ये आणि यात हाच जमीन-अस्मानाचा फरक. पहिला तुकडा साधारण २४ तास, मग काढून धुवून कोरडं करून दुसरा, तो ५-६ दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर फिल्मच्या खाली काळपट पाणी साठलेलं, जांभळाच्या रसासारखं, चालताना इकडून तिकडे हलत होतं, मी घाबरून टॅटूवाल्याला फोटो पाठवला. ते नॉर्मल असतं, रक्तातला पातळ भाग आणि जास्तीची शाई मिळून होतं ते, ते कडेने गळायला लागलं की मात्र फिल्म काढायचीच, कारण जिथून बाहेर येतं तिथूनच घाण आत जाते.

काढताना वरच्या दिशेने ओढायची नाही. कोमट पाण्याखाली उभं राहून एक कोपरा सोडवायचा आणि कातडीला समांतर ताणायची, ती लांबत जाते आणि आपोआप सुटते. खाली पोटरी एकदम स्वच्छ होती, खपली अशी धरलीच नाही, सहाव्या दिवशी पातळ पापुद्रे निघाले आणि संपलं. तिन्हींमध्ये सगळ्यात सोपं हेच गेलं, दिवसातून तीनदा धुवायची लावायची कटकट नाही, सलवार घासत नाही, रस्त्यावरची धूळ नाही. मोठा टॅटू असेल, पाठीवर जिथे स्वतःचा हात पोचत नाही, किंवा कामच असं असेल की दिवसभर बाहेर, तर पैसे इथे घाला.

पण दोन अडचणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक म्हणजे चिकटपट्टीची ॲलर्जी. बँडएड लावल्यावर ज्यांना चौकोनी लाल डाग उठतो त्यांनी आधीच छोटा तुकडा दुसऱ्या हातावर लावून एक दिवस बघावं. टॅटूवर कळलं तर उशीर झालेला असतो. दुसरी म्हणजे घाम. कोपर, गुडघा, मनगटाची घडी इथे मे महिन्यात फिल्म टिकत नाही, कड उचलली जाते. टॅटूच्या चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर कोरी कातडी तरी फिल्मखाली यायला पाहिजे, आणि ती जागा आधी केस काढून कोरडी केलेली असावी. आपल्या दवा बाजारात ड्रेसिंगची फिल्म सुटी मिळते, टॅटूसाठी म्हणून वेगळा रोल येतो तो बहुतेक ऑनलाइन मागवावा लागतो. लहान टॅटूला सुटे तुकडे पुरतात.

तिसरा टॅटू थंडीत, हातावर, आणि त्यावर फक्त साधं बिनवासाचं लोशन, सिटाफिलसारखं कुठलंही, मेडिकलवर सहज मिळतं. हे माझ्या मते बहुतेकांसाठी बरोबर उत्तर आहे आणि बहिणीलाही मी हेच सांगितलं. पहिला दिवस-दोन दिवस काही लावायचं नाही, फक्त धुवायचं आणि कोरडं ठेवायचं, पाझर थांबून कातडी ओढल्यासारखी वाटायला लागली की सुरू करायचं, दिवसातून दोन-तीनदा. तळहाताएवढ्या टॅटूला एका वाटाण्याएवढं लोशन पुष्कळ झालं. लावून दहा मिनिटांनी बघा, अजून चमकत असेल तर जास्त झालं, टिश्यूने हलकेच टिपून घ्या. लोशनचा तोटा एवढाच की ते मेहनत मागतं, हात धुवून लावा, परत लावा, ऑफिसात बाटली न्या, आणि थंडीत इथली हवा इतकी कोरडी की दुपारपर्यंत परत ओढायला लागतं. घेताना फक्त मागची बाजू वाचा, सुगंध लिहिलेलं नको. ते टॅटू बटर म्हणून सुंदर डब्यात मिळतं त्यात शिया बटर, मेण वगैरे ठीक असतं पण बऱ्याचदा लव्हेंडर नाहीतर टी ट्रीचं तेल घातलेलं असतं, ते ताज्या जखमेवर झोंबतं आणि कुणाकुणाला ॲलर्जी देतं. टॅटू भरल्यावर चमक राहावी म्हणून लावा खुशाल, पहिल्या पंधरवड्यात नको.

बाहेर नातेवाईक असले तर बेपॅन्थेन नावाचं मलम मागवतात लोक, त्यात ५ टक्के डेक्सपॅन्थेनॉल असतं, त्वचा भरायला चांगलं आहे, माझ्या वहिनीने जर्मनीहून आणलं होतं. फक्त साधंच आणायला सांगा, प्लस नावाचं जे येतं त्यात अँटिसेप्टिक घातलेलं असतं, ते वेगळं. आणि त्याच्या बेसमध्ये लॅनोलिन असतं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, स्वेटर टोचतो एवढ्यावरून काही होत नाही पण लॅनोलिनची ॲलर्जी माहीत असेल तर नको. मिळालं तर छान, पण त्याच्यासाठी अडून बसू नका.

आता आपल्या घरोघरी कपाटात जे असतंच ते. बोरोलिन १९२९ पासून आहे, कोलकात्याचं, आजीची अर्धी औषधं म्हणजे बोरोलिनच होती, त्यामुळे मला त्याच्याबद्दल माया आहे. पण त्यात बोरिक ॲसिड आहे, झिंक ऑक्साइड आहे आणि सुगंध आहे, आणि बोरिक ॲसिड उघड्या कातडीतून आत जातं म्हणून एवढ्या मोठ्या ताज्या जखमेवर रोज रोज नको. नियोस्पोरिनची पावडर तर अजिबात नको, ती पाझरात मिसळून वर कडक पापडी बनते आणि ती पापडी निघताना काय होतं ते मी वर सांगितलंच. शिवाय त्यातलं निओमायसिन ॲलर्जीसाठी प्रसिद्ध आहे, आणि सोफ्रामायसिनमधलं फ्रामायसेटिन म्हणजे निओमायसिनचाच एक प्रकार, निओमायसिन बी, म्हणून एक सोसत नसेल तर दुसरंही सोसणार नाही. इन्फेक्शन नसताना अँटिबायोटिक लावायचं कारणच नाही. खाज येते म्हणून स्टेरॉइडवालं क्रीम, ते मेडिकलवाला लगेच काढून देतो, त्याने जखम भरणंच मंदावतं. डेटॉल पाण्यात टाकून धुणं पण बंद करा, नवीन येणारी नाजूक कातडी त्याने भाजते.

हळदीचं मामीला मी समजावलं, तिच्या बोलण्यात काळजी आहे ती कळते. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, रंग चढतो, आणि कणांनी चोळलं जातं. खोबरेल तेल मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पापुद्रे निघून झाल्यावर, एक-दोन थेंब चांगलं काम करतं, थंडीत इथे ते गोठतं तेव्हा तळहातावर घासून पातळ करून घ्या. केसांना लावायचं सुवासिक तेल नको, साधं शुद्ध पाहिजे.

धुण्याचं कुणी विचारत नाही आणि तिथेच घोळ होतो. अख्ख्या घराची एकच साबणाची वडी असते ती नको, बिनवासाचं लिक्विड घ्या, बोटांच्या पोटानेच, घासणी नाही. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी टाकीत साठवलेलं असतं त्यांनी पहिले चार-पाच दिवस उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं घ्या, एक तांब्या पुरतो. टॉवेलने पुसू नका, टिश्यूने टिपा.

तारखेचं राहिलं. बहिणीला होळीच्या आधीच्या रविवारी काढायचा होता, मी सरळ नाही म्हटलं, कारण मग रंगपंचमीला ती गेरमध्ये, म्हणजे इथल्या रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्याला जाणारच, जाणारच म्हणजे कुणी अडवू शकत नाही, आणि तिथे टँकरमधून पंपाने रंगाचं पाणी माणसावर येतं, गुलाल तर हवेतच असतो. फिल्म लावली तरी त्या माऱ्यात आणि गर्दीच्या घासाघाशीत तिची कड धरत नाही. कमीत कमी ३ आठवड्यांचं अंतर पाहिजे, पोहण्याचंही तेच. उन्हाचंही तेच आहे, कातडी पूर्ण बंद होईपर्यंत सनस्क्रीन लावायचं नाही, पूर्ण बाही घालायची, नंतर मात्र एसपीएफ ३० किंवा वरचं कायम, नाहीतर रेघा फिक्या पडतात.

आणि हे कुठलंही लावलं तरी, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरायला लागली, हात लावला तर गरम, पू, ताप, किंवा लाल रेघ वर चढताना दिसली तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ज्यांना शुगर आहे त्यांनी तर काढायच्या आधीच विचारून घ्या.

बहिणीने आता रंगपंचमीनंतरचा शनिवार ठरवलाय. मनगटाजवळ घडी येते म्हणून फिल्म नाही, लोशन आणि सुती सैल बाही. आजीचा एक जुना फोटो आहे त्यात हात स्पष्ट दिसतो, तो मोठा करून घ्यायला काल आम्ही दोघी जाऊन आलो.