आधी ताकीद की थेट बाहेर?

इंदूरच्या चिमणबागेसारख्या मैदानावर मुलींच्या हौशी सॉफ्टबॉलचा सामना असला की अंपायर आणि प्रशिक्षक बहुधा ओळखीतलेच निघतात. म्हणून चिडलेल्या प्रशिक्षकाला ताकीद द्यायची की सरळ बाहेर काढायचं, हे ठरवताना भीड आड येते.

अंपायर म्हणून माझा कल ताकिदीकडे आहे. दोन बेसमधलं (धावत गाठायच्या टप्प्यांमधलं) अंतर जेमतेम ६० फूट. धावणारी आणि चेंडू जवळजवळ एकदमच पोचतात, आणि टॅग (धावणारीला चेंडू टेकवणं) आधी लागला की नाही हे डगआउटमधून, म्हणजे संघ बसतो तिथून, भलतंच दिसतं. प्रशिक्षक तावातावाने आले की मास्क काढावा, त्यांना दोन पावलं बाजूला घ्यावं, ऐकून घ्यावं. "सर, टॅग आधी लागलेला मी पाहिला. निर्णय झालाय, आता खेळू या." आपला आवाज त्यांच्यापेक्षा खाली ठेवला की निम्मा राग तिथेच उतरतो. सेफ की आउट हा अंपायरच्या नजरेचा निर्णय, त्यावर प्रोटेस्ट, म्हणजे रीतसर हरकत, चालत नाही. नियमच चुकीचा लावला असेल तर चालतो, पण तो पुढचा चेंडू टाकण्याआधी करावा लागतो. एवढं शांतपणे सांगितलं तरी पुष्कळ वाद मिटतात.

शिवी, धक्का किंवा अंगावर माती उडवणं झालं, तर मात्र ताकीद नकोच. कोवळ्या मुली बघत असतात. तिथे सांभाळून घेणं मला पटत नाही. निर्णय एकदाच, ठणठणीत सांगावा आणि लगेच दूर व्हावं. त्यांना बाहेर न्यायचं काम दुसऱ्या अंपायरने करावं. अहवाल त्याच संध्याकाळी लिहावा, बोललेल्या शब्दांसकट.