एकटी राहणारी आई: कॅमेरा, घड्याळ की रडार?

गेल्या पावसाळ्यात आई मोरीत पडली. कऱ्हाडचं जुनं घर, शहाबादी फरशी, पहाटेचे साडेपाच. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. दूध घालणाऱ्या बाईंनी दोनदा कडी वाजवली, ओ आली नाही म्हणून शेजारच्या काकांना बोलावलं, तोवर पावणेसात झाले होते. मनगट मोडलं, खुबा वाचला. पण सव्वा तास ती ओल्या फरशीवर पडून होती, आणि मी पुण्यात गाढ झोपेत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, त्यांत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण सर्वांत मोठं. पडणं वाईट, आणि तासन्‌तास पडून राहणं त्याहून वाईट: अंग गार पडतं, शरीरातलं पाणी कमी होतं, दबलेले स्नायू खराब होऊ लागतात. म्हणून कुठलंही यंत्र पाहताना मी एकच गोष्ट विचारत गेले. आई मोरीत पडली तर मला किती मिनिटांत कळेल?

न्यू जर्सीतल्या भावाला कॅमेराच हवा होता. आई रोज दिसावी ही त्याची ओढ मला समजते. शिवाय आताचे कॅमेरे नुसतं चित्र दाखवून थांबत नाहीत. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ओपनपोझसारख्या प्रणालींपासून संगणकाला चित्रातल्या माणसाचे खांदे, कोपर, गुडघे ओळखून काड्यांची आकृती मांडता येते, आणि उभी आकृती एकदम आडवी झाली की पडणं ओळखता येतं. अमेरिकेत मिसुरीतल्या टायगरप्लेस या ज्येष्ठांच्या वसाहतीत संशोधकांनी समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारे (डेप्थ) कॅमेरे वापरले. त्यांत चेहरा दिसत नाही, नुसती सावलीसारखी आकृती दिसते. तिथे चालण्याचा वेग मंदावतोय हेही टिपलं गेलं, आणि ती पडण्याआधीची सूचना असते. घड्याळाला किंवा दाराच्या सेन्सरला हे सहज जमत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याची ही बाजू खरोखर भक्कम आहे.

तरीही आमच्या घरात तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी आईने त्यावर पंचा टाकला. "अगं, देवापाशी बसले तरी कुणीतरी बघतंय असं वाटतं," म्हणाली. साडी बदलायला ती स्वयंपाकघरात जाऊ लागली होती, हे मला नंतर कळलं. आणि मोरीत कॅमेरा लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ती जिथे पडली, नेमकी तीच जागा आंधळी. आणखी एक अडचण आपल्या घरांतलीच आहे: आई दुपारी चटईवर आडवी होते, भाजी निवडायला खाली बसते. जमिनीवर आडवं म्हणजे पडलेलं, असं शिकलेलं यंत्र दिवसातून तीनदा घाबरवतं.

घड्याळाची गोष्ट लवकर संपते. २०१८ च्या ॲपल वॉच सिरीज ४ पासून पडणं ओळखायची सोय आहे. जोराचा धक्का बसला आणि पुढे मिनिटभर हालचाल झाली नाही, तर ते आपणहून आपत्कालीन क्रमांकाला फोन लावतं. घराबाहेर फिरणाऱ्या, चालायला जाणाऱ्या माणसासाठी मी हेच सुचवेन, कारण बाकी सगळी यंत्रं उंबऱ्याच्या आतली आहेत. पण ते रोज चार्ज करावं लागतं, भिंतीला धरत धरत हळू घसरलेला माणूस त्याला कळेलच असं नाही, आणि आईची पिढी आंघोळीआधी घड्याळ काढून ठेवते. पाण्याने बिघडत नाही हे मी दहा वेळा सांगितलं. तरी ते रोज पहाटे देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात.

मग रडार, म्हणजे रेडिओलहरी सोडून त्या आदळून परत येतात त्यावरून हालचाल ओळखणारं यंत्र. एमआयटीच्या दीना कताबी यांच्या गटाने भिंतीपलीकडच्या माणसाची हालचाल रेडिओलहरींनी टिपून दाखवली. वृद्धांचं पडणं ओळखणारं त्यांचं यंत्र २०१५ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये ओबामांपुढे मांडलं गेलं. आता घरगुती वापरासाठी मिळतात त्यांतली बरीच यंत्रं ६० गिगाहर्ट्झची आहेत. त्या लहरीची लांबी अवघी ५ मिलिमीटर, त्यामुळे निश्चल माणसाच्या छातीचा श्वासाबरोबरचा वर-खाली सुद्धा तिला कळतो. चित्र तयारच होत नाही. अंधार चालतो, अंगावर काही घालावं लागत नाही. मोरीत लावता येईल असं पडणं ओळखणारं साधन मला हेच सापडलं, आणि आईनेही त्याला हरकत घेतली नाही.

दोष आहेतच. आमच्याकडे एक्झॉस्ट पंख्याने पहिल्या आठवड्यात रात्री दोनदा उठवलं, मग पंख्याकडचा भाग रडारच्या टेहळणीतून वगळावा लागला. धातूच्या पिंपामागचं त्याला दिसत नाही. आणि ते विजेवर चालतं. वीज गेली की राउटरही बंद, म्हणून दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर पावसाळ्यात नेमकं लागेल तेव्हाच ते मुकं असेल.

बजेट कमी असेल तर रडारचा हट्ट नको. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये पाणी तापवायचं असं भांडं आणलं, की म्हाताऱ्या आईने चहासाठी ते वापरलं की नोंद व्हायची आणि मुलांना ईमेलने कळायचं. तीच कल्पना इथे दाराच्या चुंबकी सेन्सरने साधते. दोन छोटे तुकडे, बटणाएवढी बॅटरी, वर्षभर बघायला नको. मोरीचं दार २५ मिनिटं बंदच राहिलं, किंवा सकाळी सातपर्यंत फ्रिज उघडला नाही, तर फोनवर सूचना. पडल्याक्षणी कळत नाही, पण आमचा सव्वा तास अर्ध्या तासाच्या आत आला असता.

शेवटी आम्ही मोरीत रडार लावलं, मोरीच्या आणि फ्रिजच्या दाराला चुंबक, आणि कॅमेरा बाहेरच्या दरवाजावर, कोण आलं ते आईलाच दिसावं म्हणून. भाऊ आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, तिला विचारून. आई पार्किन्सनची किंवा विसरभोळी असती, रात्री उठून भटकत असती, तर मी पुन्हा कॅमेऱ्याचा विचार केला असता, तोही तिच्याशी बोलून.

पहिली सूचना शेजारच्या काकांना जाते, दुसरी मला. पुण्याहून मला तीन तास लागतात, काकांना तीन मिनिटं, आणि १०८ ला फोन करायचा की नाही हे तिथे उभा असलेला माणूसच ठरवू शकतो. किल्ली त्यांच्याकडे ठेवलीय.

बसवणारा मुलगा उशी टाकून चाचणी घेणार होता. उशीला श्वास नसतो. मी दार लावलं आणि आई पडली होती तिथेच, नळाकडे डोकं करून, फरशीवर आडवी झाले. चाळीसपर्यंत मोजलं असेन. पलीकडे काकांचा फोन वाजला.